कोर्टाच्या भंगारातलं मशीन

माझ्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागला की माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं. घरात मला तापट म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. थंड डोक्याची बाई असते तर हे लिहायला मी उरलेच नसते. खर्ड्याकडच्या त्या गावात कधीच संपले असते.

मशीन म्हणजे टाइपरायटर. माझे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. कोर्टाच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा मोडक्या खुर्च्या, गंजकी कपाटं लोकांनी उचलली आणि हे एक धूड कुणी घेईना, म्हणून ते वडिलांच्या गळ्यात पडलं. सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यांनी ते शेवगावहून आमच्या गावी आणलं. काळंभोर, इंग्रजी अक्षरांचं, एका हाताने जागचं न हलणारं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. पण साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी जन्मभर त्याची टकटक ऐकली होती, आणि टकटक करणाऱ्या माणसाशी कुणी चढ्या आवाजात बोलत नाही हेही पाहिलं होतं. मी मॅट्रिक झाले तेव्हा ते म्हणाले, "ह्ये शिक. ह्याच्याम्होरं बसल्याल्या मानसावर कोन हात उचलीत न्हाई." शिकायच्या आधी माझं लग्न उरकलं गेलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील गेले.

आमच्याकडे बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात. मी 'तो' म्हणते. त्याचं घर खर्ड्याच्या पुढे, शेतात उभं राहिलं की किल्ल्याचा तट दिसायचा. त्याला मारायला कारण लागत नसे असं मी म्हणणार नाही. लागायचं, आणि त्याला ते रोज सापडायचं. भाकरी करपली, पाणी सांडलं, मी उलटून बोलले. उलटून मी बोलायचेच. एकदा त्याने माझे केस धरून मला उंबऱ्यावरून ओढलं तेव्हा मी त्याच्या मनगटाचा असा लचका तोडला की त्याला कितीतरी दिवस बैलाचा कासरा नीट धरता आला नाही. जखम भरल्यावर त्याने त्याची परतफेड केली. माझी डावी करंगळी मुठीत धरली आणि मागे वाकवली, शांतपणे, वाळकी तुराटी मोडावी तशी. आवाज झाला. दुखणं त्याच्या मागून आलं. सासू चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "डावीच हाय की. भाकरी थापायला येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुण्याचं बोचकं घेऊन घराबाहेर पडले आणि ओढ्याकडे न जाता एसटीत बसले. हाडवैद्याने बोटाला कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. करंगळी बाहेरच्या बाजूला फाकून राहिली आणि तिच्यात जोर उरला नाही.

माहेरी आई आणि थोरला भाऊ; वहिनी पोरींना घेऊन तिच्या माहेरी गेलेली. त्याला मी दादा म्हणत असे. ते दुष्काळाचं साल होतं. शेतात काही नव्हतं, आणि दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होता. माझ्या बोटाकडे त्याने पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, "चार दिस ऱ्हा. मंग मी सवता नेऊन सोडतो." मी म्हटलं, मी टायपिंग शिकणार, परीक्षा देणार, नोकरी करणार. तो हसला. मग आईकडे बघून म्हणाला, "दे म्हनावं परीक्षा. नापास झाली का त्याच दिशी येष्टीत बशिवनार. लेकी मलाबी हायेत." आई चूल फुंकत राहिली. म्हणजे माझं ठरलं: पास झाले तर सुटले, नापास झाले तर खर्डा. खर्ड्याला परत गेले असते तर मी त्याला तरी मारलं असतं किंवा त्याने मला तरी. तिसरं काही मला दिसत नव्हतं.

तेव्हा परीक्षेची रीत अशी होती की मशीन आपलं आपण न्यायचं. परीक्षा नगरला. क्लासवाले आपली मशिनं गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत घालत आणि पोरं आपापलं मशीन छातीशी धरून हॉलमध्ये जात. आत मशीन अडलं तर तुमचं नशीब. परीक्षक घड्याळ थांबवत नसत. शेवगावातल्या क्लासमध्ये एकेका मशीनवर दिवसभर पोरांची रांग. मला तिथे बसायला मिळायचं ते जेमतेम, तेही ज्याची निम्मी बटणं अडकतात असं मशीन. तेव्हा मला वडिलांचंच मशीन चालतं करावं लागणार होतं. नुसतं चालणं नव्हे, न अडता चालणं.

मी त्याचं पोट उघडलं तेव्हा आत उंदराचं घरटं निघालं. मेलेली पिल्लं, चिंध्या, गंज. अक्षरांच्या कांड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. वडिलांचा दाढीचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मी एकेक कांडी घासली. निघालेला प्रत्येक स्क्रू ताटात ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने मांडायचा, म्हणजे परत जाताना चुकत नाही. रोलरचं रबर दगडासारखं कडक झालेलं, त्यामुळे कागद सटकायचा. ते पॉलिश पेपरने इतकं घासलं की माझ्या बोटांची सालटी निघाली, पण कागद धरायला लागलं. कॅरेज ओढणारा पट्टा कुजून तुटला होता. त्या जागी भोवऱ्याची दोरी पीळ देऊन बांधली, आणि ती शेवटपर्यंत तुटली नाही. तेल फक्त शिलाई मशीनचं, तेही सुईच्या टोकावर राहील एवढंच, कारण जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. रिबन सुकली की शिक्क्याच्या शाईत तेच तेल मिसळून पुन्हा भिजवायची.

एवढं करूनही ते अडायचं. मी रागाने त्याला एकदोनदा थोबाडीत मारल्यासारखी चापट मारली आहे, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की जे अडतं ते बहुतेक मला नको असलेलंच असतं. लाल अक्षर उठवायचा जो खटका होता तो रिबन वाकडी करायचा. मला लाल अक्षर काय करायचं होतं? काढला. तक्त्यासाठी कॅरेज पळवायचं बटण, त्याची पट्टी, त्याचे दात, सगळं उपटून काढलं. घंटीचा हातोडा मधेच कॅरेजला आडवा यायचा, तो काढला. ओळ कुठे संपते ते डोळ्याला दिसतं, त्याला घंटी कशाला वाजायला हवी? शेवटी वरची पत्र्याची झाकणंही काढली, म्हणजे काही अडकलं तर बोट घालून लगेच सोडवता येईल. राहिलं ते नुसतं अक्षर मारणारं लोखंड. हलकं झालं, आणि अडायचं थांबलं. आज पुतणीचा कॉम्प्युटर रडायला लागला की मी तिला तेच सांगते, बाई, नवीन घ्यायच्या आधी यात जी नको ती भरताड घातलीयस ती काढ, आणि पंख्यातली धूळ पूस. ती माझं ऐकत नाही. नंतर ऐकते.

एक गोष्ट मात्र मी खास माझ्यासाठी केली. इंग्रजीतलं ए हे अक्षर डाव्या करंगळीचं, आणि ते पावलोपावली लागतं. माझी करंगळी बटणावर टेकायची, पण दाबायला गेलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मी त्या बटणाखालची स्प्रिंग काढली, पक्कडीने हळूहळू ताणून सैल केली, परत बसवली. सैल जास्त झाली की बटण वर येईना, कमी झाली की बोट रडवी. कितीदा काढली, कितीदा घातली, मोजलं नाही. शेवटी अशी बसली की मोडकी करंगळी नुसती टेकवली तरी ए उठायचा. त्या दिवशी मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

क्लासच्या सरांनी ते मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. "ताई, हे मशीन आहे का सांगाडा?" सर टेरिलीनची पँट घालणारे, टापटिपीचे, त्यांच्या मशिनांवर कापडी झाकणं असत. क्लासमधली पोरं मला "सांगाडेवाल्या ताई" म्हणायला लागली. मी त्यातल्या एकाला सगळ्यांसमोर विचारलं, तुझं काल किती वेळा अडलं रे? तेव्हापासून निदान माझ्यादेखत म्हणायची बंद झाली.

दादा संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा त्याचे तळहात फोडांनी भरलेले असत. घरात टकटक चाललेली. ती त्याला सहन व्हायची नाही, हे मला दिसत होतं, आणि तरी मी थांबत नव्हते. एके दिवशी मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर शिवी घातली होती म्हणे. तो आला, खडी फोडायचा हातोडा त्याच्या हातातच होता, आणि दारातून थेट माझ्याकडे चालत आला. "बंद कर." मी ओळ पुरी करत होते. त्याने हातोडा मारला. मी मशीनवर आडवी पडले म्हणून घाव रोलरच्या मुठीवर बसला. मूठ उडून भिंतीला लागली, आणि दुसरा घाव माझ्या खांद्यावर आला. तिसरा आला असता. पण तेवढ्यात मी पाट्यावरचा वरवंटा उचलला होता.

"ये," मी म्हटलं. "ये म्होरं. डोस्कं फोडते बघ."

आई मधे आली नाही. ती कोपऱ्यात दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. दादाने माझ्याकडे बघितलं. मी वरवंटा मारणार हे त्याला दिसलं असणार, कारण मी खरोखर मारणार होते. तो हातोडा टाकून बाहेर गेला आणि ओट्यावर बसून मला ऐकू जाईल असं म्हणाला, "निरोपच धाडतो पाव्हन्यांला. तुमची वस्तू तुमी घेऊन जावा." खांदा पुढे महिनाभर वर होत नव्हता. रोलरला मूठ म्हणून मी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ ठोकून बसवलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. मी शेवगावला क्लासला गेले होते. आईने नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड, दादाचा हातोडासुद्धा धुऊन पाटावर मांडला, आणि त्यांच्या मधोमध माझं मशीन ठेवलं. झाकणं नसलेलं, उघडं. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. मूठभर अक्षता टाकल्या. झेंडूच्या पाकळ्या कांड्यांमध्ये खोचल्या. आणि फाळाला, विळ्याला गंजू नये म्हणून जसं तेल लावतात तसं करडईचं तेल पळीपळीने वरून सोडलं, आत खोलवर जाईपर्यंत.

मी घरी आले तेव्हा उदबत्ती जळत होती. मी बटण दाबलं, ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. दुसरं दाबलं, तेही. तेलात कालवलेलं कुंकू, हळद, तांदूळ सगळ्या खाचांत गच्च बसलं होतं, आणि दिवाळी झाली की परीक्षा होती. मी पूजेचं ताट लाथेने उडवलं. विळे, खुरपी खणखणत घरभर गेली. मी किंचाळत होते, काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. तेव्हा आईने मला मारलं. जन्मात एकदाच मारलं, पण असं मारलं की माझा ओठ फुटला.

"तुज्या बापाचं हत्यार हाय त्ये," ती म्हणाली. "त्येनं पोरीसाठी आनलं. म्या त्येला हात जोडलं, ह्या पोरीला सोडव म्हनलं. त्येचा राग येतुय व्हय तुला?"

आम्ही दोघी जमिनीवर बसलो, ती एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्यात. तिच्या हाताचा मार मला आजपर्यंतच्या सगळ्या मारांहून जास्त लागला, कारण तो एकटाच मार मायेतून आलेला होता. बऱ्याच वेळाने ती उठली आणि रेशनवर मिळालेलं घरातलं सगळं रॉकेल माझ्यापुढे आणून ठेवलं. दिव्यालासुद्धा ठेवलं नाही. दादा अंधारात जेवला आणि तिला शिव्या देत झोपला. मी मशीन पुरतं सुटं केलं, शेवटच्या कांडीपर्यंत. सुईने एकेक खाच कोरून तांदळाचे तुकडे काढले. परत जोडून झालं तेव्हा ते पहिल्यापेक्षा मोकळं चालत होतं. आईला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग? पूजा केली व्हती न्हवं."

परीक्षेच्या दिवशी पोरं एसटीने गेली. मी सरांच्या टेम्पोत मागे बसले, माझं मशीन मांडीवर घेऊन, कारण गोधड्यांवर माझा विश्वास नव्हता. सर नेहमी एक जादा मशीन बरोबर नेत, कुणाचं अडलं तर असावं म्हणून. करंजीच्या घाटात टेम्पो हिसके खात होता आणि ते जादा मशीन माझ्या पायावर येऊन आदळत होतं. नवीन होतं, जड होतं, बटणं कडक. मी त्याला पायाने मागे ढकलत होते.

परीक्षा एका शाळेत होती. मी मशीन दोन्ही हातांत धरून फाटकापाशी पोचले आणि तो समोर आला. दादाने निरोप धाडला होता, आणि तोही अगदी दिवस, ठिकाण सांगून धाडला होता.

"लई झालं तुजं," तो म्हणाला. "चल घरला."

मी म्हटलं, "बाजूला हो."

त्याने मारलं. माझे दोन्ही हात मशीनखाली अडकलेले. सोडलं असतं तर मशीन फुटलं असतं, म्हणून मी सोडलं नाही. त्याने पुन्हा मारलं, कानाखाली, मग दुसऱ्या कानाखाली, मग पोटरीवर लाथ. मी वाकले, पण मशीन खाली येऊ दिलं नाही. तोंडात रक्ताची चव आली. भोवती माणसं जमली. कुणीतरी विचारलं, कोण आहे? कुणीतरी सांगितलं, नवरा आहे. तेवढ्याने सगळ्यांचं समाधान झालं. सर पुढे होऊन म्हणाले, "अहो पाहुणे, परीक्षा तरी होऊ द्या, मग काय ते." त्याने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्या हातांकडे पाहत होता. एवढा मार खाऊन ही बाई हात का उचलत नाही, हे त्याच्या लक्षात येत होतं. माझा जीव कशात आहे ते त्याला कळलं. त्याने मारणं थांबवलं आणि मशीनला हात घातला.

आम्ही दोघं ते ओढत होतो. मी त्याच्या पोटात गुडघा मारला. त्याने माझी करंगळी शोधली, बरोबर तीच, आणि दाबली. माझे हात आपोआप सुटले.

मशीन खांद्यावर घेऊन तो निघाला. "म्या स्टँडावर बसतो," चालता चालता म्हणाला. "पाहिजे तर ये. आपुन संगं घरला जाऊ." त्याला घाई नव्हती. मी त्याच्या मागे धावले. रस्त्यावरचा दगड उचलला आणि मारला. तो त्याच्या पाठीत बसला. तो थांबला नाही, वळलाही नाही. मी येणारच याची त्याला एवढी खात्री होती. दुसरा दगड उचलला आणि तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

त्याच्या मागे गेले असते तर मला मशीन मिळालं असतं आणि त्याला मी. इतके महिने मी त्या लोखंडाला जीव लावला होता, त्याच्यासाठी हातोडा खाल्ला, आईवर ओरडले. ते सोडून वळणं म्हणजे अंगावरचं कातडं सोलून काढण्यासारखं होतं. मी रडत नव्हते, शिव्या देत होते. दगड टाकला, सरांकडे गेले आणि म्हटलं, "जादा मशीन द्या." सर म्हणाले, "ताई, त्याची बटणं तुम्हाला जमायची नाहीत." मी म्हटलं, "द्या." त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूने धरून आतपर्यंत आणलं.

त्या नव्या मशीनला सगळं होतं. लाल रिबन, घंटी, झाकणं, तक्त्याची पट्टी. आणि ए चं बटण असं, की माझी करंगळी त्यावर ठेवली तर काहीच होईना. हॉलमध्ये सगळी मशिनं एकदम सुरू झाली. मी करंगळी सोडून दिली असती, दुसऱ्या बोटाने मारलं असतं, पण शिकलेला हात तसं ऐकत नाही. अक्षर आलं की त्याचंच बोट उठतं. मग मी पूर्ण हातच वरून आपटायला लागले. प्रत्येक ए ला करंगळीवर घण बसावा तसं व्हायचं. ए असलेला शब्द येतोय हे मला आधी दिसायचं, तेवढ्यात मी दात आवळायचे, आणि मारायचे. घाम डोळ्यांत उतरत होता. शेजारचा पोरगा थांबून माझ्याकडे बघायला लागला, त्याला मी डोळे वटारून त्याच्या कागदाकडे वळवलं. त्या पानावर मी नवऱ्याला मारत होते, सासूला मारत होते, दादाला, फाटकाशी उभ्या राहिलेल्या एकेका गप्प माणसाला मारत होते. राग होता म्हणून बोट चाललं, नाहीतर पहिल्या दोन ओळींत थांबलं असतं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा माझं पान पुरं झालेलं होतं आणि बोट सुजून वांग्याच्या रंगाचं झालं होतं. परीक्षकांनी कागद उचलला. कागदावर ए च्या जागी बारीक भोकं पडली होती. त्यांनी तो गठ्ठ्यात घातला. त्या पानावर मी पास झाले.

टेम्पो परत निघाला तेव्हा सर मागे माझ्याजवळ येऊन बसले. स्टँडवरून जाताना मला तो दिसला. बाकावर बसला होता, मशीन मांडीवर घेऊन. सकाळपासून तिथेच असावा. मी टेम्पोच्या फळीवर थाप मारली. सर "ताई, नको" म्हणत होते. मी उतरले.

मला पाहून तो हसला. "आलीस? बस. जामखेडची गाडी लागायलीय."

"परीक्षा दिली मी," मी म्हटलं.

त्याने मांडीवरच्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशी? मशीन तर हितं हाय."

"दुसऱ्यावर दिली."

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तो उठला, मशीन डोक्याच्या वर उचललं आणि स्टँडच्या फरशीवर आपटलं. मग पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं. कांड्या निखळून चहूकडे गेल्या, रोलर गडगडत लोकांच्या पायांत गेला. बाया पोरांना घेऊन लांब सरल्या. तो धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला. मी ओरडेन, पाया पडेन, खाली बसून गोळा करायला लागेन, अशी तो वाट बघत होता. माझे गुडघे वाकत होते हे खरं. कोणता तुकडा कुठे बसतो हे त्या स्टँडवर माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गोळा करून नेलं असतं तर मी ते पुन्हा जोडलंही असतं. पण त्यासाठी मला त्याच्या पायापाशी बसावं लागलं असतं.

मी वळले. मागून त्याचा आवाज आला, "ए, घेऊन जा की तुजं!" त्या आवाजात जरब नव्हती. आता मला कशाने ओढायचं हे त्याला कळत नव्हतं.

टेम्पोत बसले आणि मग रडले. त्याच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही, त्या मशीनसाठी रडले, करंजीचा घाट येईपर्यंत. सरांनी खिशातला रुमाल माझ्यापुढे धरला. मग त्यांनी हळूच विचारलं, "ताई, फार लागलंय का?"

"व्हय," मी म्हटलं. "लई लागलंय."